सोव्हिएत सायन्स-फिल्म्स खऱ्या की प्रचार? एकदा आवाज बंद करून बघा

प्रश्न विचारणारी मुलगी सायकॉलॉजी करतेय, यावर पेपर लिहितेय. तिने 1940 सालची ती सोव्हिएत फिल्म पाहिली ज्यात कुत्र्याचं धडावेगळं डोकं मशीनवर जिवंत ठेवलंय, मग यूट्यूबने पुढे 1971ची एक लावली, तिच्यात लहान मुलं समोरच्या काळ्या पिरॅमिडला पांढरा म्हणतात, आणि आता ती विचारतेय की हे खरं सायन्स आहे का सगळा सरकारी प्रचार, आणि असलं काही बघताना विश्वास नेमका कशावर ठेवायचा. मी वीस-बावीस वर्षं डॉक्युमेंट्री एडिट करतेय, मुलांना एडिटिंग शिकवतेही, आणि यातल्या काही फिल्म्स वर्गात इतक्यांदा लावल्यात की पुढचा कट कधी येणार ते पाठ झालंय. तेव्हा उत्तर एडिटिंग टेबलवरून देते, लॅबमधून नाही.

पहिल्यांदा बघताना आवाज बंद करा. खरंच सांगतेय, हे सगळ्यात आधी करा. या फिल्म्समध्ये चित्र एक सांगत असतं आणि निवेदक बऱ्याचदा त्याच्या दोन पावलं पुढचं सांगत असतो, आणि त्या दोन पावलांच्या अंतरातच प्रचार बसलेला असतो. चित्रात कुत्रा जीभ बाहेर काढतो, निवेदक म्हणतो विज्ञानाने मृत्यूवर मात केली. जीभ बाहेर आली एवढं तुम्ही पाहिलंत, मृत्यूवरची मात तुम्ही ऐकलीत. दोन्ही वेगवेगळ्या वहीत लिहा.

आता या सोव्हिएत फिल्मवाल्यांकडे हे कौशल्य कुठून आलं ते समजून घ्यायला पाहिजे, कारण सिनेमा बघताना मन कसं चालतं हे त्यांनी आपल्या सगळ्यांच्या आधी आणि फार मन लावून तपासलं होतं. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव्हचा प्रयोग तुम्हाला माहीत असेलच. मोझ्झुखिन नावाच्या नटाच्या चेहऱ्याचा एक शांत क्लोजअप, त्याच्यापुढे एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटीतली बाई, एकदा खेळणारी छोटी मुलगी, आणि बघणारे म्हणाले काय अभिनय केलाय, भूक काय, दुःख काय, माया काय. चेहरा तोच होता. हे वर्णन दिग्दर्शक पुडोव्हकिनने लिहून ठेवलंय, मूळ तुकडा आज शिल्लक नाही, त्यामुळे हा सायन्सच्या अर्थाने प्रयोग म्हणून पेपरात देऊ नका. पण एडिटर म्हणून मी शपथेवर सांगेन की हे होतं. मी स्वतः केलंय. एका संस्थेसाठी गावातल्या पाण्याच्या योजनेची फिल्म करत होते, नळ सुरू झाल्याच्या शॉटनंतर मला आनंदी चेहरा पाहिजे होता आणि त्या दिवशीच्या फुटेजमध्ये तो नव्हता, तर मी आदल्या रात्रीच्या भजनातल्या एका आजीचा चेहरा उचलून तिथे लावला. फिल्म गावात दाखवली तेव्हा त्या आजी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं बाय, ही मी नळाकडं नाही बघत, मी तर भजनात व्हते." बाकी कुणालाच कळलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही फिल्ममधला रिअ‍ॅक्शन शॉट मी पुरावा म्हणून धरत नाही, सोव्हिएत असो नाहीतर आपला.

तर या पुडोव्हकिननेच 1926 मध्ये 'मेंदूची यंत्रणा' ही फिल्म केली, शरीरशास्त्रज्ञ पावलोव्हच्या कंडिशन्ड रिफ्लेक्सवर (म्हणजे घंटा वाजली की लाळ सुटावी अशी सवयीने लावलेली प्रतिक्रिया), लेनिनग्राडच्या लॅबमध्ये शूट करून. कुत्री आहेत, माकडं आहेत, लहान मुलांवरचे प्रयोगसुद्धा आहेत. कॅमेऱ्यावर अनातोली गोलोव्हन्या. पुडोव्हकिन मुळात सायन्सचा विद्यार्थी, आणि ते दिसतं, शॉट धीराने धरलेले आहेत, घंटा की दिवा, मग लाळ, मग थेंब मोजणं. मला यात एडिटर म्हणून जे सगळ्यात रंजक वाटतं ते वेगळंच आहे. कंडिशन्ड रिफ्लेक्सच्या प्रयोगात कुत्र्याभोवतीचा प्रत्येक आवाज आणि प्रत्येक उजेड हिशेबात धरावा लागतो, आणि तिथे तुम्ही त्या काळचे भगभगीत लाइट आणि खरखरणारा कॅमेरा घेऊन गेलात तर तो कॅमेराच एक स्टिम्युलस, म्हणजे प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट, होतो. म्हणजे फिल्ममध्ये दिसतो तो प्रयोग लॅबमधल्या रोजच्या प्रयोगासारखा कसा असेल? ते प्रात्यक्षिक आहे, कॅमेऱ्यासाठी करून दाखवलेलं. खोटं नाही, पण प्रयोगसुद्धा नाही. हा फरक तुमच्या पेपरसाठी फार महत्त्वाचा आहे. आणि याच फिल्मचं काम चालू असताना 1925च्या मॉस्को बुद्धिबळ स्पर्धेच्या निमित्ताने पुडोव्हकिनने एक छोटी कॉमेडी केली, तिच्यात स्पर्धेतले खरे खेळाडू आणि खरं फुटेज एका रचलेल्या गोष्टीत गुंफलं, खुद्द वर्ल्ड चॅम्पियन कापाब्लांका तिच्यात आहे. एका हाताने प्रयोगाचं चित्रण, दुसऱ्या हाताने खऱ्या फुटेजची कल्पित गोष्ट, तीच माणसं, तेच महिने. सायन्स-फिल्म आणि गोष्टीची फिल्म हे दोन वेगळे धंदे आहेत असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. डॉक्युमेंट्रीवाला झिगा व्हेर्तोव्ह, त्याचंही तेच, तो कॅमेऱ्याकडे वळण्याआधी पेट्रोग्राडला मेंदूतज्ज्ञ बेख्तेरेव्हच्या सायकोन्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकला होता, आणि 1924च्या 'किनो-आय'मध्ये त्याने फिल्म उलटी फिरवून बाजारातलं मांस परत जिवंत बैलात नेऊन दाखवलं.

पावलोव्हबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण लोक त्याला सरकारचा माणूस समजतात. तो उघडपणे सत्तेतल्या बोल्शेविकांवर टीका करायचा. आणि तरी 1921 मध्ये लेनिनने सही करून त्याच्या कामासाठी खास सोयी दिल्या, कारण माणूस घडवता येतो, सवयी लावता येतात असं म्हणायला त्याचं सायन्स सोयीचं पडत होतं. तो 1936 मध्ये वारला आणि 1950 मध्ये सायन्स आणि मेडिसिनच्या दोन सरकारी अकादम्यांचं मिळून अधिवेशन भरवून त्याच्याच नावाने फर्मान निघालं की शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र यापुढे पावलोव्हच्या चौकटीतच चालणार, ज्यांनी वेगळा विचार केला ते संशोधक मागे ढकलले गेले. म्हणजे माणूस स्वतंत्र, सायन्स अस्सल, आणि त्याचा वापर मात्र पूर्ण राजकीय. "सायन्स की प्रचार" असा तुम्ही जो प्रश्न विचारलाय ना, तो इथेच अडतो, कारण तेच खरं सायन्स प्रचार म्हणून वापरता येतं, त्यासाठी ते खोटं असावं लागत नाही.

आता कुत्र्याच्या डोक्याची फिल्म. 1940, सोव्हिएत शास्त्रज्ञ सर्गेई ब्र्युखोनेन्कोचं काम, आणि सुरुवातीला इंग्रजीतून ओळख करून देतो जे.बी.एस. हॉल्डेन, मोठा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ, तेव्हा कट्टर डावा. (हाच हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आला, आधी कलकत्त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.) फिल्ममध्ये आधी सुटं हृदय, मग फुप्फुस, मग डोकं, डोळ्यावर उजेड, शेजारी हातोडीचा ठोका, नाकाला आम्ल लावल्यावर चाटणं, आणि शेवटी एका आख्ख्या कुत्र्याचं रक्त काढून दहा मिनिटं मृत ठेवून पुन्हा जिवंत करणं. बघायला त्रास होतो, सावकाश बघा.

खरं की खोटं? मशीन खरं आहे. ब्र्युखोनेन्कोचा ऑटोजेक्टर 1920च्या दशकातला, आज ओपन हार्ट सर्जरीत जे हार्ट-लंग मशीन लावतात त्याच्या सगळ्यात पहिल्या पूर्वजांपैकी एक, आणि 1965 मध्ये त्याला मरणोत्तर लेनिन पुरस्कार मिळाला. धडावेगळ्या डोक्याच्या प्रात्यक्षिकांची शास्त्रज्ञांसमोर आधीच चर्चा झालेली होती. पण फिल्म बघताना मी वर्गात मुलांना एकच काम देते, डोकं, नळ्या आणि चालू मशीन हे तिन्ही एकाच न कापलेल्या शॉटमध्ये किती वेळ एकत्र दिसतात ते घड्याळ लावून मोजा, आणि मशीन कसं चालतं हे समजावताना प्रत्यक्ष मशीनवरून अ‍ॅनिमेशनच्या आकृतीवर कधी गेले त्याची नोंद करा. आकृतीत रक्त नेहमीच सुरळीत वाहतं. आकृती म्हणजे खोटेपणा नव्हे, पण ती समज देते, पुरावा देत नाही. मग आवाज लावा आणि निवेदनातल्या प्रत्येक दाव्यापुढे लिहा, हे दिसलं का फक्त सांगितलं. मृत कुत्रा उठून पुढे ठणठणीत जगला हे सांगितलेलं आहे, आपण पाहतो ते वेगवेगळ्या शॉटमधले कुत्रे. मला स्वतःला वाटतं की प्रयोग झालेले आहेत, आणि फिल्मसाठी त्यातला काही भाग नीटनेटका पुन्हा मांडून शूट केलाय. सायन्सचा पुरावा म्हणून जर्नलमधले पेपर शोधा, फिल्मला "त्या काळी सायन्स लोकांपुढे कसं मांडलं जायचं" याचा पुरावा म्हणून वापरा. त्या कामी ती सोन्यासारखी आहे.

अवकाशाच्या फिल्म्स मी इथे पटकन उरकते, कारण तुमचा विषय मन आहे. फक्त पावेल क्लुशांत्सेव्हची 1957ची 'ताऱ्यांकडचा रस्ता' बघाच. वजनरहित अवस्था दाखवायला त्याने नटाला छतापासून टांगलं आणि कॅमेरा थेट खालून वर रोखला, म्हणजे नटाच्याच अंगामागे वायर लपते, काय साधी युक्ती आहे. फिल्म तयार होत असतानाच स्पुटनिक उडालं आणि तो भाग शेवटाला जोडला. पण लक्षात घ्या, सगळी रॉकेट्स मॉडेल आहेत, कारण खरं रॉकेट गुपित होतं, गागारिनला अवकाशात नेणाऱ्या व्होस्तोक यानाचं रॉकेट जगाने उघडपणे पाहिलं ते 1967 मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये, आणि मुख्य डिझायनर कोरोल्योव्ह याचं नाव तो 1966 मध्ये मेल्यावरच लोकांना कळलं. सगळ्यात जास्त गाजवलेल्या सायन्सची खरी वस्तू दाखवायची परवानगी नाही आणि स्वप्न मात्र पडदाभर.

आता तुमची दुसरी फिल्म, आणि माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात मोठी. 'मी आणि इतर', 1971, दिग्दर्शक फेलिक्स सोबोलेव्ह, स्टुडिओ कीव्हनौचफिल्म म्हणजे कीव्हचा सायन्स-फिल्म स्टुडिओ. सोबोलेव्हने याआधी प्राण्यांच्या भाषेवर आणि प्राणी विचार करतात का यावर फिल्म्स केल्या होत्या, त्या खूप गाजल्या होत्या, आणि मग त्याने तोच कॅमेरा माणसांकडे वळवला. प्रयोग घेणारी मानसशास्त्रज्ञ व्हालेरिया मुखिना स्वतः पडद्यावर आहे. टेबलावर दोन पिरॅमिड, एक पांढरा एक काळा, आधी शिकवून ठेवलेली मुलं एकेक करून म्हणतात "दोन्ही पांढरे", आणि शेवटच्या मुलाला यातलं काहीच माहीत नाही. मग लापशी, एकाच ताटलीत बाकी सगळी गोड आणि एका कडेला भरपूर मीठ, सगळे म्हणतात गोड आहे, आणि खारट घास ज्याच्या वाट्याला आलाय ते पोरही तोंड वाकडं करत म्हणतं गोड. याचं मूळ अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सोलोमन अ‍ॅशने 1950च्या दशकात केलेले, रेघांची लांबी जुळवायचे प्रयोग, तिथे सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटाच्या चुकीच्या उत्तरासोबत गेले आणि एकूण चुकीची उत्तरं साधारण एक तृतीयांश होती. हे आकडे सोबत ठेवा, कारण फिल्म बघून असं वाटतं की सगळेच नेहमी झुकतात, आणि अ‍ॅशच्या आकड्यांचा तितकाच महत्त्वाचा अर्थ हा आहे की दोन तृतीयांश वेळा माणसं झुकली नाहीत.

पण आवाज बंद करून ही फिल्म बघा आणि तुम्हाला कळेल मी हिला एवढी का मानते. इथे चित्र आणि निवेदन यांच्यात जवळजवळ फट नाही. सोबोलेव्ह मुलाच्या चेहऱ्यावर थांबतो. उत्तर देण्याआधीचा तो सेकंद, डोळे एकदा पिरॅमिडकडे, एकदा शेजारच्याकडे, ओठ उघडून परत मिटतात, तो कट करत नाही. एडिटिंगमध्ये इथे कापायचा मोह किती होतो मला विचारा, नुसतं उत्तर ठेवलं असतं तर मुलगा मूर्ख दिसला असता. तो थांबतो म्हणून आपल्याला दिसतं की मुलाला काळा काळाच दिसतोय. डोळे बरोबर आहेत, जीभ वाकतेय. तरी एडिटर म्हणून एक सावधगिरी सांगते, जी मुलं ठामपणे "काळा" म्हणाली असतील त्यातली किती कापून एडिटिंग टेबलाखाली गेली ते फिल्म बघून ठरवता येत नाही, आणि नाट्य कशात जास्त आहे ते दिग्दर्शकाला चांगलं कळतं.

याच फिल्ममध्ये आणखी एक तुकडा आहे, लोकांना एकाच माणसाचा फोटो दाखवतात, काहींना सांगतात हा गुन्हेगार आहे, काहींना सांगतात मोठा शास्त्रज्ञ, आणि वर्णनं येतात तशीच, तेच डोळे एकाला क्रूर वाटतात, दुसऱ्याला विचारात बुडालेले. बघितलंत? हा कुलेशोव्हच आहे. सूपच्या वाटीऐवजी एक शब्द. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी सिनेमावाल्यांनी जी गोष्ट प्रेक्षकावर वापरायला शिकून घेतली, ती सोबोलेव्हने प्रेक्षकाच्याच हातात दिली की बाबा तुझ्यावर हे असं चालतं. आणि हे कुठे चाललंय? कीव्हमध्ये, 1971 साली. पुढच्याच वर्षी जानेवारीत युक्रेनमध्ये लेखक-विचारवंतांची मोठी धरपकड झाली, त्यात कीव्हचाच गणिती लिओनिद प्ल्युश्च होता, त्याला वेडा ठरवून द्नीप्रोपेत्रोव्स्कच्या मनोरुग्णालयात डांबलं आणि औषधं टोचली, जगभरातल्या गणितींनी ओरड केल्यावर 1976 मध्ये सोडलं. "सुस्त स्किझोफ्रेनिया" असं निदान तिथे होतं, ज्याचं लक्षण म्हणून सरकारशी मतभेदसुद्धा चालायचा. काळ्याला काळा म्हणणाऱ्या मोठ्या माणसाचं काय होतं हे त्याच शहरात, त्याच काळात. सोबोलेव्हने असं काही मनात धरून फिल्म केली का, मी त्याच्या तोंडी घालणार नाही. पण ती फिल्म तेव्हा हॉलमध्ये बसून बघणाऱ्या माणसाला फक्त पिरॅमिड दिसला असेल असं मला वाटत नाही. सायकॉलॉजी करणाऱ्या प्रत्येकाने ही फिल्म आणि प्ल्युश्चची केस एका आठवड्यात वाचावी-बघावी, एकच शास्त्र दोन ठिकाणी काय काय करतं ते पोटात बसतं.

प्रचाराचा स्वतःचा अभ्यास करणाऱ्याही फिल्म्स आहेत. एडिटर एस्फिर शुबने 1927 मध्ये झारच्या घराण्याचं जुनं फुटेज, त्यातलं काही त्यांनीच हौसेने काढून घेतलेलं, जोडून रोमानोव्ह घराण्याच्या पतनाची फिल्म केली. जहाजाच्या डेकवर बडे लोक घाम येईपर्यंत नाचतात, कट, शेतकरी राबताना घाम पुसतो. एकही शॉट खोटा नाही आणि अर्थ पूर्ण उलटा, एडिटिंगच्या पहिल्या वर्षाला मी हेच लावते. दिग्दर्शक मिखाईल रोमने 1965 मध्ये 'साधासुधा फॅसिझम' केली, नाझींचं लाखो मीटर फुटेज चाळून, आणि निवेदकाचा तो भारदस्त सरकारी आवाज काढून टाकून स्वतःच्या आवाजात बोलला, घरी बसून माणूस बोलतो तसा, मध्येच विचार करत, अडखळत. तिथे निवेदन हुकूम सोडत नाही, शेजारी बसून बघतं. हाच रोम 1937 मध्ये लेनिनवरच्या फिल्ममध्ये स्टालिनला थोर दाखवून बसला होता, आणि नंतर ते सीन त्याने स्वतः कापून टाकले. मिरवणुका, शाळेतली एकसारखी मुलं, नेत्याकडे बघताना वितळणारे चेहरे, हे सगळं जर्मन आहे, पण सोव्हिएत प्रेक्षक आपल्या गल्लीतलं ओळखत होते. सोबोलेव्हच्या फिल्मसोबत ही लावा, मनाबद्दल दोघांचं मिळून जे कळतं ते एकेकटीत नाही.

तुमच्या पेपरसाठी माझा क्रम असा: पुडोव्हकिन, मग रोम, मग सोबोलेव्ह, कुत्र्याची फिल्म मध्ये कुठेही, दरवेळी एकदा मुकी आणि एकदा आवाजासकट. आणि सगळ्यात शेवटी हर्ट्झ फ्रांकची 'दहा मिनिटांनी मोठा', 1978, रिगा स्टुडिओ, कॅमेऱ्यावर युरिस पोद्नियेक्स. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघणारं एक लहान पोर, त्याचा चेहरा, दहा मिनिटं, एकच शॉट. तो घाबरतो, हसतो, ओठ थरथरतात, डोळे भरतात, पुन्हा उजळतो. निवेदन नाही, त्यामुळे बंद करायलाही काही नाही. आणि स्टेज आपल्याला कधीच दाखवत नाहीत, सूपची वाटी नाही, शवपेटी नाही, त्या चेहऱ्याला जोडायला दुसरा शॉटच नाही.